डेक्सात हाडं विरळ दिसली म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच, असं नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. त्यातली सगळ्यांत कामाची ओळ तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे, तिच्याकडे येतोच. इतर वाचणाऱ्यांसाठी हकिगत थोडक्यात अशी: आई ५२ वर्षांच्या, सांगली जिल्ह्यात गावी राहतात. दोन वर्षांपासून कंबर, जांघा आणि बरगड्या दुखतात. जमिनीवर बसल्या की हाताचा टेका घेतल्याशिवाय उठता येत नाही, एसटीची पायरी चढवत नाही. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केली, टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, उणे ३.६ आला. ‘ऑस्टिओपोरोसिस आहे’ असं सांगून वर्षातून एकदा शिरेतून घ्यायचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन पुढच्या आठवड्यात ठरलं आहे. रक्तात व्हिटॅमिन डी ७, कॅल्शियम ८.३, अल्कलाइन फॉस्फटेज ४१२. आणि शेवटची ओळ: ‘फिटसाठी फेनिटॉइनची गोळी वीस वर्षांपासून चालू आहे, बाकी काही नाही.’ इंजेक्शन घ्यावं की नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हॉर्मोनच्या आजारांचा डॉक्टर आहे, बावीस वर्षं हाडांचे पेशंट बघतोय. पेशंटला हात न लावता निदान करू नये आणि मी ते करत नाही. पण या आकड्यांवरून एवढं बेधडक सांगतो की इंजेक्शनची तारीख पुढे ढकला. कायमचं नको असं म्हणत नाही. आईंना ऑस्टिओपोरोसिसपेक्षा ऑस्टिओमलेशिया असण्याची शक्यता मला जास्त वाटते, आणि तसं असेल तर हे इंजेक्शन आज देणं धोक्याचं आहे.

दोन्ही नावं सारखी वाटतात, पण आजार वेगळे. हाड म्हणजे स्लॅब समजा. प्रथिनांचं जाळं ही सळई आणि त्यात बसणारं कॅल्शियम-फॉस्फेट हे सिमेंट. ऑस्टिओपोरोसिसमध्ये बांधकाम पक्कंच असतं, पण खांब कमी आणि बारीक झालेले असतात. ऑस्टिओमलेशियात सळई बांधून तयार आहे, गवंडी (हाड बांधणाऱ्या पेशी) येऊन बसलाय, पण सिमेंटची गाडीच आलेली नाही. हाड ठिसूळ नसतं, मऊ असतं. लहान मुलांत, वाढ चालू असताना, हेच झालं की आपण त्याला मुडदूस म्हणतो.

आता डेक्साचं बघा. ते मशीन फक्त सिमेंट मोजतं. खांब कमी आहेत म्हणून सिमेंट कमी, की खांब आहेत पण सिमेंट ओतलेलंच नाही, हे त्याला कळत नाही. दोन्हीकडे टी-स्कोर उणेच येतो. रिपोर्टवर ‘ऑस्टिओपोरोसिस’ हा शब्द आकड्यावरून आपोआप छापला जातो. तो शब्द वाचून औषध लिहिणं ही आमच्या धंद्यातली फार सोयीची आणि फार जुनी चूक आहे. मीही केली आहे.

मग ओळखायचं कसं? पहिली खूण तुम्हीच दिली आहे. ऑस्टिओपोरोसिस मोडेपर्यंत दुखत नाही. मणका दबला, खुबा मोडला की दुखतो. तोवर तो गुपचूप असतो. ज्या बाईचं सगळं अंग दोन वर्षं ठणकतंय आणि कुठे फ्रॅक्चर नाही, तिचं दुखणं ऑस्टिओपोरोसिसच्या नावावर टाकता येत नाही. ऑस्टिओमलेशियात मात्र हाडच दुखतं. मी नडगीच्या हाडावर, छातीच्या मधल्या हाडावर आणि बरगड्यांवर अंगठ्याने दाबून बघतो. पेशंट कळवळते आणि म्हणते, ‘डॉक्टर, इथे तर कुणी हातच लावला नव्हता.’ दुसरी खूण स्नायूंची. मांड्या आणि खुब्याभोवतीचे स्नायू दुबळे होतात, म्हणून उठताना हाताचा टेका, पायरीची भीती आणि बदकासारखी डुलत चाल. नुसत्या ‘संधिवाता’ने असं चालणं होत नाही. तरी यातले बरेच पेशंट माझ्याकडे येतात ते संधिवात, मणक्यातली गॅप, नाहीतर ‘मनाचा आजार’ अशा चिठ्ठ्या घेऊनच.

तिसरी खूण अल्कलाइन फॉस्फटेज. सिमेंट येत नाही म्हणून गवंडी जास्तच धडपडतात, आणि त्या धडपडीचा आवाज रक्तात या एन्झाइमच्या रूपात ऐकू येतो. मोठ्या माणसात बहुतेक लॅबची वरची मर्यादा १२०-१३०च्या आसपास असते. आईंचं ४१२ आहे. साध्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये ते नॉर्मल असतं. (लहान मुलांचं मात्र वाढीमुळे मुळातच मोठ्यांच्या दोन-तीन पट असू शकतं, तेव्हा मुलाच्या रिपोर्टला मोठ्यांची मर्यादा लावून घाबरू नका.)

इथे एक मेख आहे. हे एन्झाइम यकृतातूनही येतं. कुठून आलंय हे बघायला आम्ही जीजीटी नावाची तपासणी करतो. तीही वाढलेली असेल तर यकृत, नसेल तर हाड, असा साधा हिशोब. पण फेनिटॉइन घेणाऱ्या माणसात जीजीटी औषधामुळेच वाढते. म्हणजे आईंच्या बाबतीत हा हिशोब चालणार नाही. कुणी ‘जीजीटी वाढलंय, लिव्हरचं आहे’ म्हणून विषय बंद केला, तर तिथे थांबू नका; हाडाचं वेगळं अल्कलाइन फॉस्फटेज मोजता येतं आणि एक साधा एक्स-रेही बरंच सांगून जातो.

आता इंजेक्शनला विरोध का, ते. रक्तातलं कॅल्शियम एका ठरावीक पातळीवर राखणं शरीराला फार महत्त्वाचं असतं, कारण हृदय, स्नायू आणि मेंदू त्यावर चालतात. डी नसल्यामुळे आतड्यातून कॅल्शियम आत येत नाही. मग पॅराथायरॉइड ग्रंथी हॉर्मोन वाढवतात आणि हाड फोडून कॅल्शियम रक्तात आणतात. जुनं घर पाडून विटा विकून महिना काढावा तसं. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड नेमकं पाडकाम बंद करतं. ऑस्टिओपोरोसिसमध्ये तेच हवं असतं. पण इथे घर चाललंय ते पाडकामाच्या पैशांवर. ते एकदम बंद झालं की कॅल्शियम कोसळतं. तोंडाभोवती मुंग्या, हाताची बोटं आखडणं, हृदयाच्या ठोक्यांत गडबड. आणि फिटचा त्रास असलेल्या माणसाचं कॅल्शियम पडलं की फिट येऊ शकते. एकदा शिरेतून गेलेलं हे औषध परत काढता येत नाही, हाडात मुक्काम ठोकून बसतं. डेनोसुमॅब नावाचं सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन सुचवलं असेल, तर त्यालाही हेच लागू.

म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. त्यांना एवढंच विचारा: ‘अल्कलाइन फॉस्फटेज एवढं का वाढलंय? फॉस्फरस करायचा का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही, फाइल पुन्हा उघडतो.

तपासण्यांबद्दल. तुमच्या यादीत फॉस्फरस नाही आणि मला सगळ्यांत आधी तोच हवा आहे. सकाळी उपाशीपोटी. सोबत कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारं), पीटीएच (पॅराथायरॉइडचं हॉर्मोन), आणि सोडियम-पोटॅशियमबरोबर बायकार्बोनेट. कॅल्शियम अल्ब्युमिनशिवाय वाचू नये, कारण अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियम खोटंच कमी दिसतं. अल्ब्युमिन ४च्या खाली जितकं असेल, त्यातल्या दर एका ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवायचे, हा आमचा ढोबळ हिशोब. डी मोजायचं ते २५-हायड्रॉक्सी. १,२५-डायहायड्रॉक्सी नावाची महागडी तपासणी उगाच करू नका, कमतरतेतही ती नॉर्मल किंवा वाढलेली येऊ शकते आणि दिशाभूल करते. आणि दोन्ही खुबे दिसतील असा कमरेचा एक एक्स-रे. त्यात मांडीच्या हाडाच्या मानेला आतल्या बाजूने किंवा जांघेच्या हाडात आडवी बारीक चीर दिसते का, दोन्हीकडे सारखी दिसते का, ते बघायचं. त्याला लूझर झोन म्हणतात. ती दिसली तर निदानाबद्दल फारसा वाद उरत नाही.

बोन स्कॅन कुणी सुचवला तर आधी हे सगळं करून घ्या. ऑस्टिओमलेशियात बोन स्कॅनवर बरगड्यांत, कमरेत ठिकठिकाणी ठिपके चमकतात आणि ‘कॅन्सर पसरलाय का?’ असा संशय रिपोर्टात येतो. एका घरात मी असं पाहिलंय: बायोप्सीची तारीख ठरली होती, घरातल्यांनी रडून घेतलं होतं, आणि बाईंचं डी होतं ४.

आता ती शेवटची ओळ. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन ही फिटची जुनी औषधं यकृतातली अशी एन्झाइम्स जागी करतात, जी व्हिटॅमिन डी भराभर मोडून टाकतात. वीस वर्षं रोज हे होत असेल, अंगभर लुगडं, दुपारी घरात, दूध फक्त चहापुरतं असं जगणं असेल, तर डी ७ येण्यात नवल नाही. पण गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक बंद केली तर फिटवर फिट येऊ शकते. न्यूरॉलॉजिस्टना भेटून लेव्हेटिरासेटामसारखं दुसरं औषध जमेल का विचारा. नाही जमलं तरी बिघडत नाही, डीचा डोस दोन-तीन पट ठेवावा लागतो एवढंच.

‘डी तर सगळ्यांचंच कमी असतं’ असं शेजारच्यांनी सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. ते खोटं नाही. भारतात डी मोजलं की बहुतेकांचं कमीच निघतं, आणि त्यातल्या बहुतेकांना ऑस्टिओमलेशिया नसतो. म्हणूनच एकट्या डीच्या आकड्यावर मी निदान करत नाही. डी १५ आणि अल्कलाइन फॉस्फटेज नॉर्मल असेल तर गोळी द्यायची आणि पाठदुखीचं कारण दुसरीकडे शोधायचं. डी ७, फॉस्फटेज ४१२, कॅल्शियम काठावर आणि जमिनीवरून उठता येत नाही, हे चित्र वेगळं आहे.

उपचार त्या मानाने सोपा आणि स्वस्त. साधारण पद्धत अशी: कोलेकॅल्सिफेरॉल (म्हणजे व्हिटॅमिन डी) ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, आठ ते बारा आठवडे, दुधाबरोबर किंवा तेलतूप असलेल्या जेवणानंतर, पुढे कमी डोस कायम. फेनिटॉइनमुळे आईंचा डोस यापेक्षा जास्त लागेल, तो तपासणारे डॉक्टर ठरवतील. सोबत रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम, दोन वेळात विभागून. गोळीच्या पाकिटावर ‘कॅल्शियम कार्बोनेट १,२५० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं, त्यात खरं कॅल्शियम ५०० असतं. दुकानदाराशी यावरून वाद होतात म्हणून सांगतोय. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं. थायरॉइडची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि यात चार तासांचं अंतर ठेवा. नुसतं डी देऊन कॅल्शियम न देणं म्हणजे गाडी पाठवली पण त्यात सिमेंटच नाही.

दोन चुका टाळा. आठवड्याची पुडी रोज घेतली जाते; गावी असं फार होतं, कारण सांगणारा ‘रोज’ आणि ‘आठवड्याला’ घाईत बोलतो. पुडीवर वाराचं नाव लिहून ठेवा, रविवार म्हणजे रविवार. काही ठिकाणी सहा लाख युनिटचं इंजेक्शन महिन्या-महिन्याने टोचतात. डीचा अतिरेक झाला की कॅल्शियम वाढतं: मळमळ, सारखी तहान, बद्धकोष्ठ, शेवटी मूत्रपिंडाला इजा. दुसरी चूक कॅल्सिट्रिऑलच्या (डीच्या तयार, सक्रिय रूपाच्या) छोट्या कॅप्सूलची. बऱ्याच कॅल्शियमच्या गोळ्यांत ते मिसळलेलं असतं आणि लोकांना वाटतं डी मिळालं. त्याने शरीरातला डीचा साठा भरत नाही.

किती दिवसांत फरक पडेल? माझा अनुभव असा की चार-सहा आठवड्यांत पेशंट स्वतःहून सांगतात, ‘आज हात न टेकता उठले.’ दुखणं तीन-चार महिन्यांत बरंच उतरतं. अल्कलाइन फॉस्फटेज मात्र सुरुवातीला आणखी वाढू शकतं, कारण सिमेंट आल्यावर गवंडी जोमाने कामाला लागतात. ते पाहून औषध बंद करू नका. ते खाली यायला सहा महिने ते वर्ष लागतं. तीन महिन्यांनी कॅल्शियम, फॉस्फरस, फॉस्फटेज, क्रिएटिनिन आणि डी पुन्हा. डेक्सा वर्षाने. उणे साडेतीनचे उणे दोन झालेले पेशंट माझ्याकडे आहेत, हाडांचं एकही इंजेक्शन न देता. वर्षानंतरही हाड विरळ राहिलं तर मग झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचा विचार जरूर करू, तेव्हा ते सुरक्षित असेल. तोवर एक्स-रेत चीर निघाली असेल तर काठी वापरायला सांगा. ती चीर पूर्ण मोडू शकते.

आता जिथे ‘परिस्थितीवर अवलंबून’ म्हणावं लागतं ते. फॉस्फरस येईपर्यंत मी हे सगळं ‘बहुधा’ म्हणून सांगतोय. फॉस्फरस थोडा कमी, कॅल्शियम कमी, पीटीएच भरपूर वाढलेलं, तर डीची कमतरता. पण फॉस्फरस फारच कमी, म्हणजे २च्या खाली, आणि कॅल्शियम-पीटीएच जवळजवळ ठीक असेल तर गोष्ट बदलते. तेव्हा मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून जातंय का, ते बघायचं. त्यात बायकार्बोनेट आणि पोटॅशियमही कमी निघालं तर मूत्रपिंडातला आम्लाचा दोष असू शकतो. तिथे डी कितीही ओतलं तरी उपयोग नाही, खायच्या सोड्यासारखं अल्कली औषध द्यावं लागतं. गेल्या काही महिन्यांत रक्तवाढीसाठी लोहाचं सलाइन दिलं होतं का, हेही मी विचारतो. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज नावाच्या लोहाने काही पेशंटचा फॉस्फरस पडतो, आणि वारंवार दिलं तर हाडही मऊ होतं. एचआयव्ही किंवा कावीळ बीसाठी टेनोफोव्हिर चालू असेल तर तेही मूत्रपिंडातून फॉस्फेट घालवू शकतं.

माझी चूक इथली आहे. एक रिक्षाचालक, वय चाळीसच्या आत, डी १४, अंगदुखी. मी डी आणि कॅल्शियम दिलं, तीन महिन्यांनी पुन्हा दिलं. डी ३८ झालं आणि माणूस कुबड्यांवर आला. तेव्हा कुठे मी जुनी फाइल नीट चाळली. फॉस्फरस १.४, पहिल्याच दिवशी, तिसऱ्या पानावर छापलेला होता. लॅबने तो ठळक केला नव्हता आणि मी पुढे गेलो होतो. एफजीएफ-२३ नावाचं हॉर्मोन वाढलेलं निघालं. गॅलियमच्या पेट स्कॅनवर तळपायात वाटाण्याएवढी गाठ दिसली. ती साधी गाठ हे हॉर्मोन बनवून मूत्रपिंडातून फॉस्फेट बाहेर टाकायला लावत होती. गाठ काढल्यावर काही दिवसांत फॉस्फरस जागेवर आला. असे पेशंट दुर्मीळ असतात, पण तेव्हापासून मी प्रत्येक रिपोर्टात आधी फॉस्फरस शोधतो आणि पेन्सिलीने गोल करतो.

आणखी दोन गोष्टी विचारतो. गहू खाल्ल्यावर पोट बिघडतं का, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही का? तसं असेल तर सीलिअॅकची (गव्हामुळे आतडं बिघडण्याच्या आजाराची) टीटीजी नावाची रक्ततपासणी करतो, कारण आतडंच खराब असेल तर गोळ्या नुसत्या वाया. आणि बोअरचं पाणी किती वर्षं पितात? यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या पेशंटना हे हटकून विचारावं लागतं. पाण्यात फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर हाडांचं वेगळंच दुखणं सुरू होतं, आणि एक्स-रेत ते हाड विरळ नाही तर उलट दाट दिसतं. एक उलटी खूणही लक्षात असू द्या: अल्कलाइन फॉस्फटेज फारच कमी, लॅबच्या खालच्या मर्यादेच्याही खाली, आणि दात-हाडांच्या तक्रारी असतील तर हायपोफॉस्फटेशिया हा जन्मजात आजार असू शकतो. लॅब वाढलेला आकडा ठळक करते, कमी झालेल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्या आजारातही झोलेड्रोनिकसारखी इंजेक्शनं द्यायची नसतात.

उन्हाबद्दल तुम्ही लिहिलंय की आई रोज सकाळी सातला अंगणात कोवळ्या उन्हात बसतात. बसू द्या, बरं वाटतं. पण डी तयार करणारे यूव्हीबी किरण सातच्या उन्हात नसल्यासारखेच असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, म्हणजे साधारण अकरा ते दोन, तेव्हाचं ऊन हवं, हातपाय उघडे ठेवून, पंधरा-वीस मिनिटं. काचेआडून नाही. ‘कोवळं ऊन हाडांना चांगलं’ ही आपल्याकडची लाडकी समजूत आहे, मी ती मोडायचा प्रयत्न करतो आणि दर वेळी पेशंटच्या सासूबाई माझ्याकडे दयेने बघतात. मात्र आईंची आजची अवस्था उन्हाने भरून निघणार नाही, औषध लागेलच. खाण्यात दूध-दही वाढवा, नाचणीची भाकरी, तीळ. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. गोळ्या सुटल्यावर तोच आधार.

बहिणीच्या चौदा महिन्यांच्या मुलाचे पाय धनुष्यासारखे वाटतात, असंही विचारलंय. दोन वर्षांपर्यंत पाय थोडे बाहेर वाकलेले असणं बहुतेक मुलांत नैसर्गिक असतं. मनगटं जाड वाटत असतील, टाळू अजून बरीच मोठी असेल, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी लागत असतील किंवा चालायला उशीर होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून मनगटाचा एक एक्स-रे करा. डीचे थेंब देत असतील तर बाटली वाचा: काही कंपन्यांच्या एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असतात, काहींच्या ८००. तान्ह्या बाळाला रोज ४०० लागतात, आणि आजी ड्रॉपर भरून देते.

आईंचं रक्त सकाळी उपाशीपोटी, जमल्यास डीची पहिली पुडी घेण्याआधी काढा. नुकतीच घेतली असेल तरी चालेल, तारीख कळवा. फॉस्फरस आणि पीटीएचचे आकडे व कमरेच्या एक्स-रेचा फोटो आला की पुढचं बोलू. दरम्यान बोटं आखडली, तोंडाभोवती मुंग्या आल्या किंवा फिट आली तर वाट बघू नका, जवळच्या दवाखान्यात न्या आणि पोचल्याबरोबर सांगा की कॅल्शियम ८.३ होतं.